वर्गोन्नत झाल्याबद्दल

नववीच्या निकालाच्या दिवशी आमच्या वर्गशिक्षकांनी एकेकाचं नाव घेतलं आणि त्यापुढे एक शब्द वाचला. बहुतेकांच्या नावापुढे ‘उत्तीर्ण’. काहींच्या नावापुढे त्यांनी काहीच वाचलं नाही, नुसतं म्हणाले, "तू ऑफिसात भेट." आणि मोजक्या पोरांच्या नावापुढे, आवाज जरा खाली आणून, त्यांनी वेगळाच शब्द वाचला. वर्गोन्नत. त्या मोजक्यांत मी होतो.

तो शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. नागपूरपासून बसने दोन तासांवर असलेल्या तालुक्याच्या गावात मी आठवीपर्यंत शिकलो. तिथे माझा पहिला नंबर कधी गेला नाही. यात फार मोठं काही नव्हतं. कापूस वेचायच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असायचा, आणि आठवीपर्यंत कोणाला नापास करतच नव्हते. पण मला ते मोठं वाटायचं, आणि घरी त्याहून मोठं वाटायचं. आमच्या घरात दहावीपर्यंत पोचलेलं कोणी नव्हतं. बाबांची शाळा चौथीला सुटली होती, आईची त्याच्याही आधी.

मी नववीत गेलो त्या वर्षी आम्ही नागपूरला आलो. बाबा गावी दुकानांचे बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स आल्यावर ते काम आटलं, आणि ओळखीच्या एकाने त्यांना महाल भागातल्या रेडियमच्या दुकानात लावून दिलं. गाड्यांच्या नंबर प्लेट, ऑटोच्या मागची अक्षरं असं काम. आम्ही तिथेच एका गल्लीत खोली घेतली. आई दोन घरी पोळ्या करायला जाऊ लागली, आणि मला पायी जाता येईल अशा मुलांच्या सरकारी शाळेत घातलं.

शाळा जुनी होती, दगडी, उंच छताची. एकेकाळी इथून मोठमोठी माणसं निघाली असं शिक्षक सांगायचे, आणि सांगताना आमच्याकडे बघायचे नाहीत. ज्यांना परवडत होतं त्यांची पोरं केव्हाच दुसऱ्या शाळांत गेली होती. दहावीचा निकाल लागला की आजूबाजूच्या शाळा आपल्या फाटकावर हसऱ्या पोरांचे फोटो लावत. आमच्या फाटकावर काहीच लागत नसे.

पहिल्या चाचणीचे गणिताचे पेपर वाटले तो तास मला अजून आठवतो. सर जास्त मार्कांपासून कमी मार्कांकडे नावं घेत. त्यांनी पहिलं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मी सवयीने बाकावरून अर्धा उठलो. नाव दुसऱ्याचं होतं. मी खाली बसलो, पॅन्ट ठीक करायला उठलो होतो असं दाखवत. मग दुसरं नाव, तिसरं नाव. सरांच्या हातातला गठ्ठा पातळ होत गेला. मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "अबे, आता उभाच राहा न. येतेच तुहं नाव."

आलं, पण बऱ्याच वेळाने.

भूमिती मला फळ्यावरून उतरवता येत होती, कळत नव्हती. उतरवण्यात मी पटाईत होतो. गावी तेवढ्यावर पहिला नंबर आला होता. एकदा धीर करून मी तासाला उभा राहिलो आणि म्हणालो की मला हे समजलं नाही. सर काही बोलायच्या आत शेजारच्याने माझा शर्ट ओढून खाली बसवलं. "आम्हाले कुठं समजलं बे? लिहून घे न चुपचाप." सगळे हसले, सरही हसले. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण मी वर्षभर परत उभा राहिलो नाही. इंग्रजीचंही तसंच झालं. मराठीत मात्र माझे मार्क वर्गात सगळ्यांत जास्त असायचे, आणि मराठी शिकवणारे सरच आमचे वर्गशिक्षक होते. गणिताचा पेपर हातात आला की मी मनात लगेच मराठीचा पेपर काढून त्याच्यावर झाकत असे.

आता चौकातल्या फळ्याबद्दल सांगायला हवं.

आमच्या चौकात मंडळाचा एक काळा फळा भिंतीत पक्का बसवलेला आहे. वर सुविचार, खाली कोणाचं निधन, कोणाचा साखरपुडा, मंडळाची सभा. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यावर कोणीही येऊन वेडंवाकडं लिहायचं. बाबांना ते बघवलं नाही. एका संध्याकाळी त्यांनी खिशातून खडू काढून गणपती मंडळाच्या सभेची सूचना पुसली आणि परत लिहिली, शिरोरेघ एका दोरीत, खाली लाल सावली देऊन. कट्ट्यावर बसलेली माणसं उठून बघायला आली. त्या दिवसापासून फळा बाबांचा झाला. वाचताना ते अडखळत, पण चिठ्ठीवर जे लिहून मिळेल ते छापल्यासारखं उतरवत. लोक त्यांना ‘पेंटरभाऊ’ म्हणू लागले. मंडळाचे अध्यक्ष, तहसील कचेरीतून रिटायर झालेले एक काका, त्यांना कट्ट्यावर सरकून जागा देऊ लागले. भाड्याच्या खोलीतल्या, बाहेरगावाहून आलेल्या माणसाला त्या चौकात बसायला जागा मिळाली ती या फळ्यामुळे. बाबा दुकानातून आले की चहाही न घेता आधी तिकडे चक्कर मारत.

निकालाच्या दिवशी बाबा अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे होते.

"झाला न पास?"

"पास नाही बाबा. वर्गोन्नत."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे?"

फाटकापर्यंत येताना मी त्या शब्दाची फोड करून ठेवली होती. "वर्ग अधिक उन्नत. चंद्र अधिक उदय चंद्रोदय होते न, तशी संधी आहे. उन्नत म्हणजे उंच झालेला."

"मंग पासच्या वर म्हन न."

"तसंच काहीतरी."

"किती पोट्टे झाले असे?"

"चार-पाच. बाकी नुसते उत्तीर्ण."

बाबांनी माझ्या हातातलं प्रगतिपत्रक घेतलं आणि शेवटची ओळ बोट ठेवून वाचली. वरचे आकडे त्यांनी पाहिले नाहीत. कोणत्याही कागदात खरं काय ते शेवटच्या ओळीत असतं, असा त्यांचा समज होता. दोनदा वाचून त्यांनी कागद घडी न घालता, तसाच सपाट धरून घरापर्यंत आणला.

आईने हात पुसत विचारलं, "पास का नापास ते सांग न सरळ."

"दोन्हीच्या वर हाय," बाबा म्हणाले. आई माझ्याकडे बघत राहिली.

मला खरंच कळलं नव्हतं का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. गणित आणि इंग्रजीत मी पडलो होतो हे मला माहीत होतं. तो कागद मी बाबांच्या आधी वाचला होता. पण मी अशी समजूत करून घेतली की सरांनी माझं मराठी पाहिलं, निबंध पाहिले, आणि हा पोरगा दोन विषयांत मागे असला तरी मनाने वर आहे असं ठरवून मला हा खास शब्द दिला. सरांनी आवाज खाली आणला होता तो मला मान दिल्यासारखा वाटला. नुसतं समजलं नाही म्हणून असं होतं की समजून घ्यायचं नसतं म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.

संध्याकाळी बाबांनी मला चिठ्ठीवर तो शब्द लिहून द्यायला सांगितला. रफार कुठे द्यायचा, न्न कसा जोडायचा, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग चौकात जाऊन त्यांनी अर्धा फळा पुसला आणि तीन रंगांच्या खडूंनी माझं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं:

इयत्ता नववीतून दहावीत
वर्गोन्नत
झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!

‘वर्गोन्नत’ला पिवळी सावली होती. इतक्या सुंदर अक्षरात तो शब्द कोणी लिहिला नसेल.

पुढचे काही दिवस मी त्या चौकातून विनाकारण जायचो. कट्ट्यावरची माणसं बाबांना हाक मारत, "पेंटरभाऊ, पोट्टा वर्गोन्नत झाला म्हन्ते! पेढे कुठं आहेत जी?" बाबा दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. बँकेत जाणारे एक गृहस्थ पेढा तोंडात टाकून म्हणाले, "वा, असे वर्गोन्नत दरवर्षी व्हायला पाहिजेत," आणि सगळे हसले. बाबाही हसले. मीही हसलो. अध्यक्षकाकांनी पेढा घेतला, फळ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पेंटर, रविवारी चौकातल्या गुणवंत पोरांचा सत्कार आहे. यालाही बसव." सत्कार म्हणजे नारळ, पेन आणि, दिवस उन्हाचे म्हणून शालीऐवजी, टॉवेल. बाबांनी त्या रात्री माझा पांढरा शर्ट आईला धुवायला काढून दिला.

मग माझ्या वर्गातला एक पोरगा सायकलवरून चौकात आला. तोच तो, माझा शर्ट ओढून खाली बसवणारा. मी फळ्याजवळच उभा होतो. त्याने वाचलं, आणि इतका हसला की त्याला सायकलवरून पाय खाली टेकवावा लागला.

"अबे, हे कोनं लिहिलं बे?"

"माझ्या बाबांनी."

"मजाक करून राहिला का?"

"काहून?"

"अबे, मी पन वर्गोन्नतच आहो न! माह्या बापानं बेल्ट काढला, अन् तुह्या बापानं खडू काढला!"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

"तुले खरंच माहीत नाई का बे? ढकलला म्हंजे. नापास, पन पुढं ढकलला. दोन विषय उडाले न तुहे?"

"हो."

"मंग! त्यालेच म्हन्ते." त्याने पायडल मारलं, थोडा पुढे गेला आणि मागे वळून म्हणाला, "घरी काही सांगू नको बे. मस्त चालून राहिलं तुहं."

मला त्या क्षणी पहिल्यांदा आठवले ते कट्ट्यावरचे चेहरे. बँकेतल्या गृहस्थांचं वाक्य आठवलं. त्यातला प्रत्येक जण शिकलेला होता. आणि पेढ्यांचा डबा घेऊन त्यांच्यापुढे उभे असलेले बाबा आठवले, प्रत्येकाला "घ्या न, आनखी एक घ्या" म्हणणारे.

फळा पुसून टाकावा असं मनात आलं. पण तो बाबांशिवाय कोणी पुसत नसे, आणि पुसला असता तरी रविवार येणारच होता. मी तिथून सरळ दुकानात गेलो.

दुकानात गर्दी होती. बाबा खाली मान घालून एका ऑटोसाठी ‘माँ का आशीर्वाद’ कापत होते. मी त्यांच्या बाजूला जाऊन बसलो.

"बाबा, तो शब्द चुकला."

त्यांचा हात थांबला. "रफार गेला का?"

"रफार बरोबर आहे. अर्थ चुकला."

मी सांगितलं. हळू सांगितलं, कारण गिऱ्हाईकं होती. बाबांनी मध्ये काही विचारलं नाही. हातातलं ‘द’ अर्धवट कापलेलं होतं, ते त्यांनी पूर्ण कापलं, नखाने उचललं, कागदावर बसवलं. मग म्हणाले, "कोण्या विषयात?"

"गणित अन् इंग्रजी."

"म्हंजे नापास."

"हो."

"मंग त्याइनं नापास काहून नाई लिहिलं?"

"माहीत नाही."

त्यांनी हातातलं ब्लेड खाली ठेवलं. मला वाटलं आता रागावतील. पण ते वेगळंच काही मनात लावून बघत होते. शेवटी म्हणाले, "त्या कट्ट्यावरच्या लोकाइले माहीत असन का?"

मी खाली पडलेले रेडियमचे तुकडे गोळा करू लागलो.

"काकाले त माहीतच असन. कचेरीतला मानूस." आणि थोड्या वेळाने, "पेढा घेतला न त्याइनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन शाळेत गेले. सुट्ट्या लागल्या होत्या, पण शिक्षक ऑफिसात कामाला येत होते. वर्गशिक्षक दारातच भेटले. बाबांनी चपला बाहेर काढल्या. सरांनी खुर्ची पुढे केली, पण बाबा बसले नाहीत.

"सर, नापास असन त नापास लिहा जी. आम्हाले समजन असं लिहा."

सर म्हणाले, "भाऊ, तो शब्द आमचा नाही. वरून ठरलेला आहे. नापास लिहिलं की पोरं शाळा सोडतात, म्हणून."

"ते बरोबर हाय जी. पन मले कोनी सांगतलं नाई. मी फळ्यावर लिवलं न."

"कुठल्या फळ्यावर?"

बाबांनी सांगितलं. पिवळ्या सावलीचंही सांगितलं. सरांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळले. "तुला माहीत नव्हतं?"

"मी संधी सोडवली होती, सर."

त्यांना हसू आलं, आणि ते लपवायला त्यांनी तोंड फिरवलं. परत फिरवलं तेव्हा हसू नव्हतं. "मी हळू वाचलं, पोरांना अवघडू नये म्हणून. तुला बोलावून सांगायला पाहिजे होतं." मग बाबांना म्हणाले, "शाळा सुरू झाली की याला सकाळी लवकर पाठवा. भूमितीच्या सरांशी मी बोलतो. इंग्रजीचं मी पाहतो."

त्यांनी ते केलं. मी दहावी पास झालो, पुढे बी.ए. झालो, त्यात त्या सकाळच्या तासांचा आणि त्या दोन शिक्षकांचा वाटा माझ्याहून मोठा आहे. पण त्या ऑफिसात उभं असताना मला कृतज्ञ वगैरे काही वाटत नव्हतं. बाबांच्या अनवाणी पायांकडे माझं लक्ष होतं. ते माझ्या शब्दासाठी अनवाणी उभे होते.

आज मी नागपुरातच, धंतोलीत, एका दवाखान्यात कागदपत्रांच्या काउंटरवर बसतो. विदर्भातल्या कुठल्या कुठल्या गावांहून माणसं येतात आणि कागद पुढे करून विचारतात, "याच्यात काय लिहून हाय जी?" वाईट काही असलं की माझ्याही तोंडात आपोआप मोठा शब्द येतो. तो ऐकून समोरचा माणूस मान डोलवतो, आणि त्याला कळलेलं नाही हे मला कळतं. एकदा असाच शब्द वापरून मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना पाठवून दिलं, आणि ते दारापाशी जाऊन सोबतच्या मुलाला म्हणाले, "चांगलं हाय म्हन्ते." मी उठून त्यांच्या मागे गेलो. पण दरवेळी उठत नाही.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर बाबा दिवसभर दुकानात होते. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी फडकं ओलं केलं, खडू घेतला आणि मला म्हणाले, "चाल."

कट्टा भरलेला होता. त्यांनी थोडं थांबून चौक रिकामा होऊ द्यायला हवा होता असं मला वाटत होतं. ते थांबले नाहीत. फळ्यासमोर उभं राहून त्यांनी शेवटची ओळ पुसली, ‘झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, तेवढीच. माझं नाव, इयत्ता, पिवळ्या सावलीचा तो शब्द, सगळं जसंच्या तसं ठेवलं. ओली जागा वाळेपर्यंत फुंकर मारली. मग त्याच अक्षरात लिहिलं: झाला आहे.

अध्यक्षकाका उठून जवळ आले. "पेंटर, काय करून राहिला?"

"दुरुस्ती."

"अरे, पुसून टाक न सगळं. सुविचार लिही एखादा."

"खबर खरी हाय काका. अभिनंदन तेवढं चुकलं."

काका गोंधळले. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, मनावर घेऊ नको. लेकरू आहे. रविवारी बसू दे त्याला स्टेजवर. नारळ अन् टॉवेल तर आहे. कोणाले काय समजते?"

"तुमाले समजते न," बाबा म्हणाले.

काका एक पाऊल मागे सरकले. बँकेतले गृहस्थ कट्ट्यावरून दुसरीकडे बघत होते. बाबांनी खडू खिशात टाकला, हात झटकले आणि माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, "तू सांग. बसतो का स्टेजवर?"

मला हो म्हणायचं होतं.

हे मी लिहितो आहे कारण त्या वेळच्या गोष्टींत मला सगळ्यांत जास्त लाज वाटते ती याची. मला तो शर्ट घालून वर बसायचं होतं. नाव पुकारलं की उठायचं होतं. गणिताच्या तासाला मी जे अर्धवट उठलो होतो ते एकदा पूर्ण उठायचं होतं. मी नापास झालो आहे हे कळल्यावरही, बाबा समोर उभे असतानाही. मी ‘नाही’ म्हणालो, पण लगेच नाही. मधे जो वेळ गेला तो बाबांनी पाहिला, काकांनी पाहिला, कट्ट्याने पाहिला. मी ‘नाही’ म्हटल्यावर बाबा म्हणाले, "बरं," आणि फडकं पिळत घराकडे चालू लागले. त्यांनी मला त्या उशिराबद्दल कधी विचारलं नाही. मी त्यांच्या मागे, थोडं अंतर ठेवून चालत गेलो.

रविवारी सत्कार झाला. बाबांनी स्टेजचा बोर्ड लिहून दिला, सगळ्या गुणवंतांची नावं, एकसारख्या अक्षरात. ते लिहीत असताना मी रंगाचा डबा धरून उभा होतो. कार्यक्रमाला आम्ही गेलो नाही.

फळा तसाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला दूध आणायला पाठवलं. चौकात आईसोबत पोळ्यांच्या कामाला जाणारी एक मावशी फळ्यासमोर थांबलेली होती. तिला वाचता येत नव्हतं. मला बघून तिने हाक मारली.

"काय लिहून हाय गा बाबू?"

मी माझं नाव वाचलं. इयत्ता वाचली. मग तो शब्द वाचला, आणि थांबलो.

"म्हंजे काय ते?"

कट्ट्यावर दोघे-तिघे पेपर वाचत बसले होते.

"म्हणजे मी नापास झालो, मावशी. पण मला वरच्या वर्गात घातलं."

तिने फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अन् हे लिहून काहून ठेवलं?"

"खबर आहे म्हणून."

"हौ," ती म्हणाली. तिच्या डोक्यावर डबा होता, तो तिने हाताने सावरला. "अन् नळ कधी येनार हाय आज, ते नाई लिहिलं का?"

ते खाली लिहिलेलं होतं, बाबांच्याच अक्षरात. मी तेही वाचून दाखवलं.